कीपॅडची हद्द
भिंतीवरचा कीपॅड ज्या खोलीत बसवला, त्याच खोलीवर त्याचा अंमल चालतो, हा धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेविषयीचा सार्वत्रिक समज स्वाभाविक असला तरी यथार्थ नव्हे. झोन (एखाद्या दाराची वा संवेदकाची स्वतंत्र वर्दी) हे गाव मानले, तर पार्टिशन (एकत्र पहाऱ्यावर बसणारा झोनांचा गट) हा तालुका, आणि कीपॅड हा मामलेदार, ज्याचा हुकूम कचेरीच्या जागेवर नव्हे, तर मुख्य पॅनेलात नोंदवलेल्या नेमणुकीवर चालतो. दुकानाच्या दाराशी लावलेला कीपॅड चुकून गोदामाच्या पार्टिशनला नेमला गेला, तर मालक संध्याकाळी निश्चिंतपणे संकेतांक दाबून निघतो, पहारा गोदामावर बसतो आणि दुकान तसेच उघडे राहते. धुराचे झोन मात्र सहसा चोवीस तास जागे ठेवलेले असतात. पहारा उठवला तरी ते निजत नाहीत.