मुल्जिम की मुजरिम? मुलांच्या निबंधात हा फरक हवाच

निबंधाच्या वह्या तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: "पोलिसांनी गुन्हेगारांना पकडले." विषय 'नशामुक्ती' असो, 'चित्रपटांचा तरुणांवर परिणाम' असो की 'कॅमेरा बोलू लागला तर', हे वाक्य कुठेतरी येतंच. मुलांना तरी काय बोलणार? टीव्हीवर, मोबाईलवर आणि घरातही ती हेच ऐकतात.

आपल्या घरांत उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत, त्याचा इथे फायदा घ्या. ज्याच्यावर आरोप आहे तो मुल्जिम. कोर्टात गुन्हा शाबित झाला तर तो मुजरिम. मराठीत पहिल्याला आरोपी म्हणतात, दुसऱ्याला दोषी किंवा गुन्हेगार. पोलीस पकडतात तो आरोपी असतो. दोषी कोण हे न्यायाधीश ठरवतात.

सिनेमा, कॅमेरा आणि नशेचा कायदा हे तिन्ही विषय एकाच प्रकरणात बघायचे असतील तर 2021 आठवा. 2 ऑक्टोबरच्या रात्री मुंबईत एका क्रूझवर अमली पदार्थविरोधी केंद्रीय खात्याने, म्हणजे एनसीबीने, छापा टाकला. दुसऱ्या दिवशी शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन याला अटक झाली. त्याच्याजवळ काहीही सापडलेलं नव्हतं. तरी कोर्टाच्या दारापासून तुरुंगाच्या दारापर्यंत कॅमेरे मागे होते आणि घराघरात निकाल लागून गेला होता. 28 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, 30 तारखेला तो आर्थर रोड तुरुंगातून बाहेर आला. 27 मे 2022 रोजी एनसीबीने 14 जणांवर आरोपपत्र दाखल केलं, त्यात त्याचं नाव नव्हतं. पुरेसा पुरावा नाही, असं खुद्द तपास यंत्रणेनेच सांगितलं. अटकेची बातमी सर्वांना पाठ आहे, मे महिन्याची किती जणांना आठवते? बड्या बापाच्या मुलाला मोठे वकील मिळाले. आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलावर असा शिक्का बसला तर तो पुसायला कोण येणार? म्हणून शब्द जपून वापरायचे.

आता कायदा. नशेच्या पदार्थांचा मुख्य कायदा 1985 चा, त्याला एनडीपीएस म्हणतात. शिक्षा ठरते ती कोणता पदार्थ आणि किती, यावर. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', 20 किलोच्या वर 'व्यावसायिक'. चरस 100 ग्रॅमपर्यंत अल्प, 1 किलोच्या वर व्यावसायिक. एमडी पावडरीचं माप तर फारच लहान आहे: 2 ग्रॅमपर्यंत अल्प, 50 ग्रॅमच्या वर व्यावसायिक. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणाला किमान 10 आणि जास्तीत जास्त 20 वर्षं, वर किमान एक लाख दंड.

हे आपल्यापासून लांबचं नाही. 2023 मध्ये श्रीवर्धन परिसरातल्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. असं पाकीट कुणी कुतूहलाने घरी नेलं, तर कायद्याच्या भाषेत तो 'ताबा' होतो. "विकायचा विचार नव्हता" म्हणून सुटका होत नाही. दिसलं तर हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं.

कायद्याची दुसरी बाजू मुलं कधीच लिहीत नाहीत. याच कायद्याचं कलम 64अ असं आहे की, नशेच्या आहारी गेलेला आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्याकडून माल पोहोचवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. "ही पिशवी तेवढी स्टेशनवर नेऊन दे" असं कुणी म्हटलं तर थेट नाही म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं, हे प्रत्येक अम्मी-अब्बूंनी मुलांना समजावावं. नशेच्या मदतीसाठी 14446 हा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

सिनेमाचं काय? "चित्रपटांमुळे तरुण बिघडले" एवढं लिहून निबंध होत नाही. 2016 मध्ये पंजाबातल्या नशेवरचा 'उडता पंजाब' अडला होता. सेन्सॉर बोर्डाने बरीच कापाकापी सांगितली. 13 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने एक दृश्य काढून तो दाखवायला परवानगी दिली. चित्रपट प्रौढांसाठीचा आहे, मुलांनी बघायचा नाही. पण त्या वादातून निबंधाला चांगला प्रश्न मिळतो: नशा दाखवणं आणि नशेची जाहिरात करणं, यात फरक कुठे?

कॅमेरा दोन्हीकडून चालतो. 1899 मध्ये सावेदादा भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं, तेव्हा कॅमेरा जिथे ठेवला तिथून दिसलं तेवढंच आलं. आजच्या मोबाईलचंही तसंच आहे. वीस सेकंदांच्या व्हिडिओत आधीचं आणि नंतरचं दिसत नाही. पण हाच कॅमेरा निर्दोष माणसाला वाचवूही शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायला सांगितलं आहे. 'कॅमेरा बोलू लागला तर' या निबंधात हे दोन्ही आलं, तर तपासणारा थांबून वाचेल.

घरी निबंध वाचून घेताना मुलांना तीनच प्रश्न विचारा. हे तुला कुठून कळलं? तो आरोपी आहे की दोषी ठरला आहे? पुढे काय झालं, ते शोधलंस का?

नशा हराम आहे, हे आपल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असतं. पण सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी आधी तपासून घ्यायलाही सांगितलं आहे, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान होतं. वहीतल्या निबंधापासून ही सवय लागली, तर मोबाईलवरचा मेसेज पुढे पाठवतानाही मुलांचा हात थोडा थांबेल.