चार हजार बादल्या, चार केबीत

गिटारचा सूर छेडल्यावर तोच सूर क्षणभराने जरा मळकट होऊन परत आला, की जुन्या गिटार-इफेक्ट पेडलचे शौकीन माना डोलावतात. ही करामत 'बकेट ब्रिगेड' चिपची. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी ती शोधली. आग विझवताना माणसं रांगेने उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसे या चिपमधले कपॅसिटर विद्युतभार पुढे ढकलत राहतात. त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी हिची चुलत बहीण शोभेल अशी सीसीडी चिप काढली. ती कॅमेऱ्यात गेली आणि २००९ मध्ये नोबेल घेऊन आली. बकेट ब्रिगेडच्या वाट्याला गिटारवाले आले.

यातली बडी असामी म्हणजे मात्सुशिताची, अर्थात पॅनासोनिकवाल्यांची, एमएन ३००५. हिच्यात ४०९६ कप्पे, म्हणजेच बादल्या. पण कुठल्याही क्षणी निम्मे रिकामेच असतात, कारण पुढचा कप्पा मोकळा नसेल तर मागच्याने माल द्यायचा कुठे? म्हणजे आवाजाचे नमुने मावतात फक्त २०४८. क्लॉकचे सेकंदाला १०,००० ठोके दिले, तर आवाज २०४.८ मिलिसेकंदांनी बाहेर पडतो.

आता हाच हिशोब डिजिटलमध्ये मांडा. प्रत्येक नमुन्याला १६ बिट धरले तरी अख्ख्या चिपची मेमरी भरते ४ केबी. मोबाइलमधला एक फोटोही याच्या शेकडो पट मोठा असतो! अर्डुइनो युनो या हौशी मंडळींच्या मायक्रोकंट्रोलर पाटीच्या जुन्या आवृत्तीची रॅम आहे बरोब्बर २०४८ बाइट. ८ बिटांवर भागवलं तर अख्खी एमएन ३००५ त्यात बसते, फक्त प्रोग्रॅमला स्वतःसाठी एक बाइटही उरत नाही.

मूळ चिपचं उत्पादन कधीच थांबलं. बाजारात नव्याने काढलेल्या प्रती आहेत, आणि जुन्या नंबराचा ठप्पा मारलेला बनावट मालही आहे. म्हणूनच जुन्या सॉकेटमध्ये थेट बसेल अशी इवलीशी डिजिटल पाटी बनवायची हौस अनेकांना आहे.

आवाज साठवणं सोपं. कसोटी लागते ती दुसऱ्याच्या क्लॉकवर चालण्यात. पेडलचा क्लॉक सतत हलता असतो. एकाच सुराला अनेकांचा भास देणाऱ्या कोरस पेडलमध्ये तो मुद्दाम डुलवलेला असतो आणि डिलेच्या पेडलमध्ये माणूस नॉब फिरवतो. आवाज आत जाताना क्लॉक जलद आणि बाहेर येताना मंद असेल, तर सूर खाली घसरतो. चक्क मींड ऐकू येते. डिजिटल चिप स्वतःच्या तालावर चालली तर ही मींड गणिताने उसनी आणावी लागते. बाहेरून आलेल्या प्रत्येक ठोक्याला मेमरीतला सर्वांत जुना नमुना बाहेर काढायचा आणि त्याच जागी नवा ठेवायचा, एवढंच केलं तर ती फुकटात मिळते. मात्र क्लॉक एक लाखावर गेला, की या सगळ्याला वेळ उरतो १० मायक्रोसेकंद. त्यात एमएन ३००५ चालते उण्या १५ व्होल्टवर आणि आजचे बहुतेक मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर. मध्ये व्होल्टेज जुळवणारं सर्किट न घालता तार जोडलीत, तर पहिल्याच ठोक्याला राम म्हणावं लागेल.

मग पीटी २३९९ का नको? तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची ही स्वस्त चिप कराओकेच्या आणि 'इको'चं बटण असलेल्या असंख्य मशिनांत सापडते. ती आतून डिजिटल आहे, ४४ किलोबिट मेमरीची. पण तिचा क्लॉक तिच्याच पोटात. बाहेरचा ती जुमानत नाही. शिवाय साधारण ३० मिलिसेकंदांच्या खाली ती नीट उतरत नाही, त्यामुळे कोरसला निरुपयोगी.

आता तो लाडका मळकटपणा. बॉसच्या १९८१ च्या डीएम-२ पेडलमध्ये जास्तीत जास्त डिले ३०० मिलिसेकंद. तेवढ्यासाठी ४०९६ कप्प्यांच्या चिपचा क्लॉक सेकंदाला सुमारे ६,८०० ठोक्यांवर आणावा लागतो आणि आवाजाची कमाल मर्यादा होते ३,४०० हर्ट्झ. जुन्या लँडलाइन टेलिफोनची वरची मर्यादाही हीच! लोक हौसेने पैसे मोजतात तो आवाज असा टेलिफोनच्या पट्ट्यातला आहे.

गिटारवाल्यांना न पटणारी गोष्ट अशी, की या रंगात चिपपेक्षा शेजाऱ्यांचा हात मोठा. ट्रेबल कापणारे फिल्टर आणि खरखर दाबणारा कंपँडर चिपच्या बाहेर, पाटीवरच असतात. स्टॅनफर्डच्या रॅफेल आणि स्मिथ (हे स्मिथ वेगळे) यांनी २०१० मध्ये या सर्किटांचं संगणकी मॉडेल मांडलं, तेव्हा त्यांनाही चिपसोबत हा गोतावळा मांडावा लागला. सॉकेटमधली चिप बदलली तरी शेजारी जागेवरच राहतात, म्हणून डिजिटल बदलीचं काम निम्म्याहून हलकं होतं. उरलेल्या निम्म्यात चिपची स्वतःची खोट, म्हणजे कप्प्याकप्प्याला थोडा गळणारा भार आणि बारीक विकृती, मुद्दाम घालायची की नाही हे डिझायनरने ठरवायचं. माझं मत विचाराल तर थोडी घालावी.

जाता जाता एक. एमएन ३००५ मधून आवाज बाहेर पडायला दोन पाय असतात; दुसऱ्यावर आवाज अर्धा ठोका उशिरा येतो. दोन्ही एकत्र केले की क्लॉकची शिट्टी दबते, आणि ते नेमकं जुळवायला पाटीवर छोटा ट्रिमर असतो. डिजिटल बदलीत दोन्ही पायांना एकच आवाज जोडला की भागतं. दुरुस्तीवाल्याने मग तो ट्रिमर कितीही वेळ फिरवावा.