अकरा किलोमीटर खाली, अॅल्युमिनियम अंगावर

ठाण्याहून कल्याणकडे जाणारे रूळ समुद्रात सरळ खाली सोडले, तर मारियाना खंदकाचा तळ कळवा, मुंब्रा, दिवा मागे टाकल्यावर, डोंबिवली यायच्या आधी लागेल. खोली सुमारे 10,900 मीटर. प्रशांत महासागरातल्या या ‘चॅलेंजर डीप’मध्ये माणूस पहिल्यांदा पोचला 1960 साली, तोही जाडजूड पोलादी गोळ्यात बसून. हिरोंडेलिया गिगास मात्र तिथे उघड्या अंगाने राहतो. आपल्या जवळ्याचा आणि कोळंबीचा हा लांबचा नातलग, लांबी जेमतेम चारेक सेंटिमीटर.

त्याच्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरवर एक टनाहून जास्त भार असतो. तरी तो चिरडत नाही, आणि त्याचं श्रेय कवचाला नाही. शरीरात हवेची पोकळीच नाही. आत पाणी, बाहेर पाणी, दाब दोन्हीकडून सारखा. ‘दाब पेलणारं चिलखत’ वगैरे बातम्या वाचाव्यात आणि सोडून द्याव्यात.

त्याची खरी अडचण वेगळी आहे. कवचधारी प्राण्यांचं कवच कडक होतं ते चुनखडीमुळे, आणि साधारण साडेचार-पाच हजार मीटरच्या खाली समुद्राचं पाणी चुनखडी विरघळवून टाकतं. हा प्राणी त्याच्या दुपटीहून खोल राहतो. मग त्याचं कवच टिकतं कसं? जपानी संशोधकांनी 2019 मध्ये उत्तर दिलं: कवचावर अॅल्युमिनियमच्या जेलचा थर असतो.

समुद्राच्या पाण्यात अॅल्युमिनियम नावापुरतंच. तळाच्या चिखलात मात्र भरपूर. वरून बुडत आलेला झाडपाला, लाकडाचे कण हा प्राणी खातो. त्याच्या पोटातली विकरं सेल्युलोजची थेट साखर करतात. त्या साखरेपासून बनलेलं आम्ल गिळलेल्या चिखलातून अॅल्युमिनियम ओढून काढतं. ते बाहेरच्या किंचित अल्कधर्मी पाण्याला लागलं की जेल होऊन अंगावर बसतं. कोल्हापूरकडच्या बॉक्साइटमधून अॅल्युमिनियम सोडवायला कारखान्यात कॉस्टिक सोडा शंभर अंशांच्या वर तापवावा लागतो. इथे पाणी दोन-अडीच अंशांवर, आणि सगळा कारखाना बोटाच्या दोन पेरांएवढा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कोणाही रसायन अभियंत्याला हेवा वाटावा असं हे काम आहे.

इतक्या खोलवर तरी आपला उपद्रव पोचत नसेल, हा समज 2017 मध्ये संपला. मारियानातल्या अशा प्राण्यांत पीसीबी ही बंदी आलेली विषारी रसायनं सापडली. चीनमधल्या अतिप्रदूषित लिआओ नदीच्या पाण्यावरच्या भातखाचरांतल्या खेकड्यांपेक्षा तब्बल 50 पट. दोन वर्षांनी प्रशांत महासागराच्या सहा खंदकांतले 90 प्राणी तपासले गेले. त्यांतल्या 65 जणांच्या पोटात कृत्रिम धागे किंवा कण निघाले. मारियानातले तर सगळेच त्यात होते.