मनुष्यबळ व्यवस्थापन : एमबीए की श्रमविज्ञान?

मनुष्यबळ म्हणजे केवळ मुलाखती व नेमणुका, या समजुतीने अनेक पदवीधर एमबीएकडे वळतात. कारखान्यातील काम निराळे असते. 1948च्या कारखाने अधिनियमाने 500 वा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 250 आहे. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्थेतील ‘मास्टर ऑफ लेबर स्टडीज’सारख्या अभ्यासक्रमात कामगार कायदे व औद्योगिक संबंध केंद्रस्थानी असतात. एमबीएत कित्येकदा त्यांच्या वाट्याला एखाद-दुसराच विषय येतो. कारखान्यातच जायचे असेल, तर आपली पदवी कल्याण अधिकारीपदासाठी ग्राह्य आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वीच राज्याच्या नियमांत पडताळावे. पुष्कळांना ही शंका नोकरीची जाहिरात हाती आल्यावरच सुचते!