माळशेजच्या माथ्यावर २२ अंश, आणि तरी हुडहुडी : डोंगरातल्या सायकल-शर्यतीसाठी हवामान आणि निवारा

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "पुढच्या वर्षी डोंगरातली बाइकपॅकिंग रेस करायची म्हणतोय. तंबू कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी चहा घे, मग सांगतो. उत्तर लांबत गेलं, म्हणून इथे लिहून काढतोय. तुम्ही सायकल चालवत नसाल तरी वाचा. संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, हेच यात वेगळ्या कपड्यांत आहे.

आधी बाइकपॅकिंग रेस म्हणजे काय ते. पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर तुम्ही ऐकली असेल. त्यात एकट्याने उतरणाऱ्याच्या मागेही गाडी असते आणि गाडीत पाणी, खाणं, कोरडे कपडे, माणसं. बाइकपॅकिंगमध्ये ती गाडी नाही. जे लागेल ते सायकलला बांधायचं, वाटेत जे कुणालाही विकत मिळतं तेवढंच घ्यायचं, आणि घड्याळ रात्रीही थांबत नाही. किर्गिझस्तानात २०१८ साली सुरू झालेली सिल्क रोड माउंटन रेस या प्रकारातली. तिथे ऑगस्टमध्येसुद्धा उंच खिंडींत बर्फ पडू शकतो. म्हणजे क्लिफहँगरमध्ये निवारा गाडीच्या रूपाने मागून येतो, इथे तो तुमच्या बॅगेत असतो. किंवा नसतो.

प्रश्न चुकला की उत्तर चुकतं

"तंबू कुठला?" हा प्रश्न पीएचडीच्या पहिल्या महिन्यात "सॉफ्टवेअर कुठलं वापरू?" असं विचारण्यासारखा आहे. आधी हे ठरवा : या वाटेवर, या तारखांना, सगळ्यात वाईट रात्र कशी असेल? आणि त्या रात्री मी थकलेला, भिजलेला, पंक्चर झालेला असेन, तर सकाळपर्यंत शाबूत कसा राहीन? तंबूचं नाव या उत्तरातून आपोआप येतं.

मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. सप्टेंबरचा एक रविवार. मुलुंडहून पहाटे निघून कल्याण, मुरबाड करत आम्ही दोघं माळशेजला गेलो. घाट चढताना पाऊस होता, पण अंगात ऊब होती. माथ्यावर मित्राचं मागचं टायर गेलं. टोलेजंग वारा, धुकं, आणि पंक्चर काढायला चाळीसेक मिनिटं. आधी तो कुडकुडत होता. मग कुडकुडणं थांबलं आणि मला वाटलं, चला, बरं वाटतंय त्याला. दोन मिनिटांनी त्याने मला तिसऱ्यांदा विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

मोबाइलवर तापमान होतं २२ अंश. मुंबईत २२ अंशांना आपण पंखा बंद करतो, एवढंच. आणि इथे माणूस गारठून भ्रमात जायला लागला होता. शेजारच्या टपरीत चुलीपाशी बसवलं, ओले कपडे काढले, टपरीवाल्या मावशींनी स्वतःची शाल दिली, गोड चहा पाजला. तासाभराने तो नेहमीसारखा शिव्या द्यायला लागला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कोरडा शर्ट त्याच्या बॅगेत होता. अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीशिवाय, ओलाचिंब.

२२ अंशांना माणूस गारठतो कसा? थोडं गणित

सायकल जोरात चालवताना शरीर साधारण ५०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. थांबलात की ती १०० वॅटच्या आसपास येते. कुडकुडण्याने ती काही पट वाढते, पण त्यालाही इंधन लागतं आणि इंधन तुम्ही घाटात जाळलेलं असतं.

आता ओले कपडे. त्वचेपाशी एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. समजा पिळल्यावरही तुमच्या कपड्यांत ४०० ग्रॅम पाणी उरलंय. ते सगळं वाऱ्याने सुकवायचं तर ९६० किलोज्यूल. हे तासाभरात झालं तर सरासरी २६७ वॅट. तुमचं शरीर बसल्याजागी देतंय १००. बाकीचे कुठून येणार? काही हवेतून, बरेचसे तुमच्यातून. ७० किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरवायला २४५ किलोज्यूल पुरतात, हे शेजारी ठेवा म्हणजे आकड्याचा धाक कळेल. शरीराच्या आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया सुरू होतो. फक्त दोन अंशांचा खेळ आहे.

भर पावसात हवा दमट असते, बाष्पीभवन कमी होतं, हे खरं. पण तेव्हा वरून थंड पाणी येतच असतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुटका कुठूनच नाही.

यातून दोन नियम निघतात. एक : थांबण्याआधी अंगावर चढवा, थंडी वाजल्यावर नाही. माथ्यावर पोचलात की फोटोआधी जॅकेट, कारण उतारावर पाय थांबतात आणि वारा वाढतो. दोन : कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणीबंद पिशवीत, बॅगेत सगळ्यात वर. आणि सोबत्याचं कुडकुडणं थांबलं पण बोलणं अडखळतंय, तर त्याला बरं वाटत नाहीये, ते उलट आहे. ओलं काढा, कोरडं घाला, खाली चटई द्या, शुद्धीत असेल तर गोड गरम काहीतरी पाजा. दारू अजिबात नाही. आणि मदत बोलवा.

अंदाज वाचता येणं म्हणजे काय

त्या दिवशीचा अंदाज चुकला नव्हता. मला तो वाचता आला नव्हता.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. दोन्ही मुंबईच. लोकलच्या एका प्रवासाचं अंतर. मग "ठाणे जिल्ह्यात मुसळधार" या तीन शब्दांत मीरा-भाईंदरही आलं आणि माळशेजचा पायथाही. माथा तर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्यात पुणे, सातारा, कोल्हापूर यांचा "घाट भाग" वेगळा दिलेला असतो तो बघा. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि तिथेच पाणी सोडते. घाटाचा पाऊस हा घाटामुळेच पडतो.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. "अतिमुसळधार" याला खात्याची व्याख्या आहे : २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. शब्द कवितेतला नाही, मोजमापातला आहे. दोन दिवस आधी जिल्ह्याचा इशारा, निघताना तीन तासांचा ताजा अंदाज आणि रडारचं चित्र, असं टप्प्याटप्प्याने बघायचं. कुलाब्याच्या जोडीला २०२२ पासून अंधेरी-जोगेश्वरीकडे वेरावलीलाही रडार आहे. आपल्या उपनगरवाल्यांच्या डोक्यावरच म्हणा ना.

उंचीचं गणित तुम्हीच करा. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी ६.५ अंशांनी थंड होते. लेह ३,५०० मीटरवर, खारदुंग ला ५,३५९ वर. लेहला दुपारी २० अंश असतील तर खिंडीत सुमारे ८. आता ताशी ४० किलोमीटरने उतरा : वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला ते ३ अंशांसारखं लागतं. आणि तुम्ही ओले असाल तर वरचं गणित यात मिळवा. अंदाज लेहचा वाचून निघालेला माणूस वर जाऊन वेधशाळेला शिव्या घालतो.

निवारा : कान्हेरीला जाऊन या

गंमत नाही करत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटातून सहा-सात किलोमीटर सायकल मारा आणि लेणी निवाऱ्याच्या नजरेने बघा. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एके जागी राहणं, इथे शतकानुशतकं झालं. शंभरावर लेणी, आणि बहुतेकांचा साचा एकच : आधी अंगण, मग ओसरी, मग आतली खोली. खोलीत झोपायला दगडी ओटा, जमिनीपासून वर. बाहेर पाण्याचं टाकं, पाणी वळवायला कातळात खोदलेले पाट. वारा अडवा, पाणी वळवा, जमिनीपासून अंग उचला, ओलं बाहेर आणि कोरडं आत ठेवा. निवारा याच चार गोष्टी करतो. तंबूच्या जाहिरातीत पाचवी कुठली दिसली तर ती बहुधा किंमत आहे.

या चार कसोट्यांवर पर्याय तपासा. नुसती ताडपत्री हलकी आणि मोकळी, पण वारा फिरला की हरते. बिव्ही, म्हणजे स्लीपिंग बॅगेवरची पाणीबंद खोळ, दोन मिनिटांत तयार. पण श्वासाची आणि घामाची वाफ आत साचते, सलग दुसऱ्या रात्री बॅग दमट. एकाचा तंबू जड, पण आत बसून कपडे बदलता येतात, आणि पावसात तेच सोनं. सह्याद्रीतल्या एका रात्रीला मी ताडपत्री आणि चांगली चटई घेईन, कारण गावातलं देऊळ, शाळेचा व्हरांडा, एसटीचा थांबा फार लांब नसतो. विचारून झोपायचं, सकाळी झाडून निघायचं. ४,००० मीटरवर सलग आठवडा असेल तर तंबूच. चटईत मात्र कुठेच काटकसर नाही, जमीन रात्रभर उष्णता ओढते.

जागा निवडताना : ओढ्याच्या पात्रात नाही, दरड सुटणाऱ्या कड्याखाली नाही, उघड्या धारेवर किंवा एकट्या झाडाखाली नाही. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार सोडा, खाली या.

नियम घरी लिहा

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची धावण्याची शर्यत होती. वर वारा, गारा आणि गारठा आला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गेले, त्यांत नावाजलेले धावपटू होते. वाऱ्यापासून वाचवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटी केली, ते वाचले. ताकद कमी पडली नव्हती. कमी पडलं ते एक जॅकेट आणि एक आडोसा.

गारठलेला मेंदू चांगले निर्णय घेत नाही. म्हणून निर्णय आधी, घरी, कागदावर. जसं आकडे हातात येण्याआधी विश्लेषण कसं करणार ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मनासारखं वळवता येत नाही, अगदी तसं. माझ्या वहीतले तीन नियम : नारंगी इशारा असेल तर घाट नाही. दुपारी तीनपर्यंत खिंडीखाली पोचलो नाही तर आज खिंड नाही. दोघांपैकी एकाने "परत" म्हटलं की चर्चा न करता परत.

आणि प्रयोग करा. गच्चीवर निवारा उभारून पाऊस पडू द्या, नसेल तर बादलीने ओता. कपडे कोरडे आणि पिळलेले असे दोन्ही वेळा काट्यावर तोला. माझे ४०० ग्रॅम होते "समजा", तुमचे खरे आकडे काढा. बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात बुडवून मग बॅगेची चेन उघडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तारीख घालून लिहा. जे गच्चीवर फसलं ते फुकट कळलं.

ज्युनिअरने शेवटी परत विचारलंच, "पण तंबू कुठला?" मी म्हटलं, या रविवारी गच्चीवर ये, बादली मी आणतो. माळशेजचा मित्रही येणार आहे. कोरडा शर्ट हल्ली तो दोन पिशव्यांत बांधतो.