गाडी मागे का जात नाही?

गेल्या दिवाळीच्या आधी मला एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण ठणठणीत. "मास्तर, तुम्ही आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्यायचात ना? आमच्या पुतण्याला तुम्ही शिकवलंय. आमच्याकडे एक जुनी डॉज आहे. ती पुढे छान जाते, मागे जात नाही. आणि आमच्या घरातून बाहेर पडायचं तर मागेच जावं लागतं."

बंगला पुण्यातला, टेकडीच्या उतारावरचा. रस्ता वर आणि पोर्च खाली. गाडी नाक खाली करून उतरवायची आणि बाहेर काढताना रिव्हर्समध्ये चढ चढवायची. गाडी १९६७ ची डॉज डार्ट, अमेरिकन, डाव्या बाजूला स्टिअरिंग. तिचं सहा सिलिंडरचं, २२५ घनइंचाचं इंजिन बॉनेटखाली एका अंगाला कललेलं असतं. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये पूर्वी डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. पण ही त्यांतली नाही. ही मुंबईतल्या एका वकिलातीतून यजमानांनी घेतलेली. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडीचा व्यवहार ठरत आला होता, तोही जवळजवळ भंगाराच्या भावात. कारण एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितलं होतं, "गिअरबॉक्स गेला. उतरवून पूर्ण खोलावा लागेल, सामान अमेरिकेहून येईल, लाखाच्या आत काम होणार नाही." बाईंना एवढंच हवं होतं, की विकण्याआधी कुणीतरी खरं काय ते सांगावं.

हे "गिअरबॉक्स गेला" वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलंय. लाज वाटते, पण एकदा स्वतःही उच्चारलंय. १९८३ साली एका मोठ्या अमेरिकन गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी रिव्हर्स घसरतो म्हणून उतरवला. तीन आठवडे टेबलावर त्याचे तुकडे मांडून बसलो. आत सगळं ठणठणीत! दोष होता स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत येणाऱ्या सळईच्या झिजलेल्या बुशात. चार आण्यांचं बुश. मालकाने पैसे दिले, एक शब्द बोलला नाही, पुन्हा कधी आलाही नाही. तेव्हापासून मी आधी विचार करतो आणि मग पान्याला हात घालतो.

तर विचार कसा करायचा, ते सांगतो. रेडिओवर बोलताना हातवारे करून दाखवता येत नाही, म्हणून जरा चित्र डोळ्यांसमोर आणा.

साध्या गाडीत रिव्हर्ससाठी एक जादा दाताचं चक्र मध्ये घालतात, फिरण्याची दिशा उलटते, झालं. ऑटोमॅटिकमध्ये दातांची चक्रं सतत एकमेकांत अडकलेलीच असतात, ती सरकत नाहीत. मध्ये एक सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं, ती एका चौकटीत बसवलेली, आणि सगळ्यांच्या बाहेरून दात आतल्या बाजूला असलेलं वलयचक्र. गंमत अशी, की यांतलं कुणाला फिरवायचं आणि कुणाला धरून ठेवायचं, एवढं बदललं की वेग आणि दिशा बदलते. ग्रहांची चौकट घट्ट धरा आणि सूर्य फिरवा. ग्रह जागच्या जागी गरगरतात आणि बाहेरचं वलय उलट्या दिशेने फिरतं. हाच रिव्हर्स.

डार्टमधला गिअरबॉक्स क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट. तीन गिअरचा हा प्रकार १९५६ साली इम्पिरियल गाडीत प्रथम आला. त्यात ग्रहचक्रांच्या दोन जोड्या एकाच सूर्यावर बसवलेल्या असतात. ही मांडणी हॉवर्ड सिम्प्सन या अमेरिकन इंजिनिअरची, आणि ती इतकी सुटसुटीत, की पुढे फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीही आपल्या गिअरबॉक्सांत घेतली.

आता धरणारे आणि फिरवणारे कोण? टॉर्कफ्लाइटमध्ये दोन क्लच आहेत, पुढचा आणि मागचा. दोन पट्टे आहेत, त्यांना गॅरेजमध्ये बॅंड म्हणतात. विहिरीच्या रहाटाला दोराचा वेढा टाकून तो आवळला की रहाट थांबतो, तसा हा पोलादी पट्टा आतल्या अस्तराने एका ड्रमला आवळून धरतो. शिवाय एक एकेरी क्लच आहे, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एका बाजूला अडणारा आणि दुसऱ्या बाजूला मोकळा. या सगळ्यांना आवळण्याचं काम तेलाचा दाब करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पुढे जाणाऱ्या प्रत्येक गिअरला मागचा क्लच लागतो. तिसऱ्या गिअरला त्याच्या जोडीला पुढचा क्लच लागतो. रिव्हर्सला पुढचा क्लच आणि मागचा पट्टा लागतो. आणि लिव्हर मुद्दाम '१' वर ओढली तर मागचा क्लच आणि तोच मागचा पट्टा. म्हणजे रिव्हर्समध्ये दोनच कामगार, आणि दोघेही दुसरीकडे कुठे ना कुठे कामाला असतात. रिव्हर्स बिघडला तर त्या दोघांना त्यांच्या दुसऱ्या नोकरीत जाऊन पाहायचं. यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. गाडी चालवावी लागते.

मी आणि तो पुतण्या, आम्ही दोघं सकाळी गेलो. वहिनींनी आधी चहा पाजला. त्या जवळच खुर्ची टाकून बसल्या. "तुम्ही काय करताय ते मला सांगत सांगत करा," म्हणाल्या.

पहिली गोष्ट तेल. या गाड्यांत तेल इंजिन चालू ठेवून, गरम असताना आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून मोजायचं. पार्कमध्ये नाही. त्या काळच्या टॉर्कफ्लाइटमध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे तेल जात नाही, त्यामुळे काठीवरचं माप फसवतं. तेल पातळीला होतं. रंग लाल, थोडा तपकिरीकडे झुकलेला. वास घेतला. जळकट होता, पण अगदी हलका. जळकं, काळं तेल असतं तर मी तिथेच थांबलो असतो.

दुसरी गोष्ट सळया, माझा जुना धडा. लिव्हर पार्क आणि न्यूट्रल या दोन्ही खाचांत नीट बसवून स्टार्टर मारून पाहायचा. दोन्हीकडे इंजिन सुरू झालं, तर लिव्हर आणि आतला व्हॉल्व्ह एका सुरात आहेत. झालं. कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी दुसरी सळईही तपासली. ती बेसूर असेल तर तेलाचा दाबच कमी पडतो आणि सगळेच गिअर घसरतात. ती ठीक होती.

मग गाडी कशीबशी वर काढली. पुतण्या आणि शेजारचे दोन तरुण ढकलायला, मी स्टिअरिंगवर. रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काही नाही, मग एक हिसका, चाकं जेमतेम हलतात, आणि चढ लागला की इंजिन नुसतं रडतं. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबत राहणं म्हणजे उरलंसुरलं अस्तर जाळणं. ब्रेक दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर देण्याची एक चाचणी पुस्तकात असते, स्टॉल टेस्ट. घसरणाऱ्या रिव्हर्सवर ती मी कधीच करत नाही. शिवाय ब्रेक सुटला तर मागे कोण उभं असेल, याचा भरवसा नाही.

रस्त्यावर ड्राइव्हमध्ये गाडी मखमली चालली. पहिला, दुसरा, तिसरा, एकही झटका नाही. म्हणजे पंप, मागचा क्लच दोघेही निर्दोष. तिसरा गिअर घट्ट, म्हणून पुढचा क्लचही निर्दोष? थांबा, इथे मेख आहे. तिसऱ्या गिअरमध्ये भार दोन्ही क्लच वाटून घेतात, रिव्हर्समध्ये मात्र पुढच्याला तो एकट्याला पेलावा लागतो. त्यामुळे अर्धमेला क्लच तिसऱ्यात पास होऊन रिव्हर्समध्ये नापास होऊ शकतो. त्याच्यावरचा संशय कमी झाला, गेला नाही.

आता पट्टा. ताशी पंचवीसेक किलोमीटर वेग ठेवला, लिव्हर '१' वर ओढली आणि पाय उचलला. इथे नीट लक्ष द्या. '१' मध्ये जोर देताना तो एकेरी क्लचही भार धरतो, त्यामुळे पट्टा सैल असला तरी गाडी जोमाने पळते. चोर लपून राहतो. पण पाय उचलला की एकेरी क्लच मोकळा होतो आणि इंजिनचा ब्रेक लागायचा तर पट्ट्यालाच धरावं लागतं. धडधाकट गाडी इथे कुणीतरी मागून ओढल्यासारखी अडते. डार्ट मात्र न्यूट्रलमध्ये असल्यासारखी तरंगत निघाली. मी पुतण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, मागचा बॅंड." वर्गात हा पोरगा शेवटच्या बाकावर बसायचा.

तरी एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. पट्टा का धरत नाही? तेलाचा दाब पोचत नाही, की दाब पोचूनही पट्टा आवळत नाही? पुतण्याच्या शेडमध्ये मागची चाकं अधांतरी करून गाडी स्टॅंडवर घेतली आणि गिअरबॉक्सच्या मागच्या भोकाला दाबाचा मीटर लावला. ड्राइव्हमध्ये हलक्या अॅक्सिलरेटरवर या गिअरबॉक्सचा दाब इंचाला ६० पौंडांच्या आसपास असतो. रिव्हर्समध्ये भार जास्त, म्हणून दाब मुद्दाम वाढवलेला असतो, १६०० फेऱ्यांना २०० पौंडांच्या बराच वर. साधा १०० पौंडांचा मीटर लावला तर त्याचा काटा मोडतो, हेही सांगून ठेवतो. आमचा काटा २४० वर जाऊन स्थिर राहिला. म्हणजे तेल आपलं काम करत होतं.

मग तळाचं पॅन उघडलं. पुढचा पट्टा बाहेरून आवळता येतो, मागच्याचा स्क्रू मात्र पॅनच्या आत असतो, म्हणून बहुतेक गाड्यांत त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. पॅनमध्ये करडी पूड होती, ती असतेच. पण तिच्यात अस्तराच्या बारीक पापड्याही होत्या. व्हॉल्व्हचा ठोकळा खाली काढून पुढच्या क्लचच्या वाटेत कॉम्प्रेसरची हवा सोडली. 'ठप्' असा बोजड आवाज आला, गळतीची फुसफुस नाही. पुढचा क्लच सुटला. मागच्या पट्ट्याच्या वाटेत हवा सोडली, तर पिस्टन पूर्ण बाहेर आला आणि तरीही पट्टा ड्रमला जेमतेम टेकला. स्क्रू फिरवायला घेतला. फिरतोय, फिरतोय, संपतच नाही! पट्टा टेकेपर्यंत मी फेरे मोजायचं सोडून दिलं. मग पुस्तिकेत दिल्याइतका घट्ट करून, दिलेले फेरे मागे घेऊन लॉकनट आवळला. नवा फिल्टर, नवं तेल. बॅटरीच्या उजेडात पट्ट्याचं टोक जेवढं दिसलं, तेवढ्यावर अस्तर पातळ झालेलं होतं. संपलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डार्ट बंगल्याच्या पोर्चमधून चढ चढून आपल्या पायांनी वर आली. वहिनी फाटकात उभ्या होत्या. टाळ्या वगैरे काही नाही. त्यांनी सरळ विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "वहिनी, खोटं बोलणार नाही. पट्टा बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागणारच. तो गॅरेजवाला तेवढ्यापुरता बरोबर होता. पण पूर्ण खोलायची गरज नाही, बाकी सगळं शाबूत आहे. एक पट्टा, रबरी सील आणि मजुरी. आवळून दिलंय ते औषध नाही, मुदत आहे. रोज चढावर रिव्हर्स घेतलात तर मुदत लवकर संपेल."

त्या थोडा वेळ उताराकडे पाहत राहिल्या. मग पुतण्याला म्हणाल्या, "अरे, मग आपण ती मागे तोंड करून का लावत नाही? वर रस्त्यावर वळवायची आणि रिव्हर्समध्ये खाली सोडायची. उतारावर तिला जोर लागणार नाही. निघताना पुढच्या गिअरमध्ये चढेल."

तीस वर्षं मी हा विषय शिकवला. हे मला सुचलं नव्हतं.

गाडी आता नाक वर करून उभी असते. भंगारवाल्याला त्यांनी परस्पर नाही म्हणून कळवलं. पट्ट्याची मागणी पुतण्याने अमेरिकेत नोंदवली आहे. तो आला की गिअरबॉक्स उतरवायला मला बोलवायचं ठरलंय, आणि वहिनींनी बजावलंय, की त्या दिवशी खुर्ची त्यांनाही हवी.