कोरियन युद्ध आणि साम्यवादी चीन : युद्धकैद्यांच्या प्रश्नाच्या अनुषंगाने

बालाघाट जिल्ह्यातील उकवा मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. शीतयुद्धाच्या आरंभी सोव्हिएत संघाने अमेरिकेला होणारी मँगनीजची निर्यात आवळली आणि पोलादासाठी लागणाऱ्या या खनिजाची अमेरिकी मागणी भारताकडे वळली. दूरच्या संघर्षाचे पडसाद असे खाणीपर्यंत उमटतात. मात्र जे राष्ट्र स्वतः परक्या भूमीवरील युद्धात उतरते, त्याच्या परराष्ट्र धोरणाबरोबरच अंतर्गत राजकारणही बदलते. या दृष्टीने चीनचे उदाहरण अभ्यासनीय आहे.

परराष्ट्र धोरण : २५ जून १९५० रोजी कोरियन युद्ध सुरू झाले, तेव्हा चीनमधील साम्यवादी राजवटीला एक वर्षही झाले नव्हते. अमेरिकी सैन्याने ३८ वे अक्षवृत्त ओलांडल्यास चीन हस्तक्षेप करील, असा इशारा चौ एन-लाय यांनी ऑक्टोबरच्या आरंभी भारतीय राजदूत सरदार पणिक्कर यांच्यामार्फत दिला. त्याकडे दुर्लक्ष झाले. त्याच महिन्यात चिनी सैन्य ‘स्वयंसेवक’ या नावाने कोरियात शिरले. अमेरिकेशी उघड युद्ध टाळण्याची ही युक्ती होती. १ फेब्रुवारी १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांनी चीनला आक्रमक ठरविले. भारताने या ठरावाविरुद्ध मत दिले. मे महिन्यात व्यापारनिर्बंध आले व चीनचे मॉस्कोवरील अवलंबित्व वाढले.

अंतर्गत राजकारण : ‘अमेरिकेचा प्रतिकार, कोरियाला साहाय्य’ या मोहिमेने जनमत एकवटले. त्याच वातावरणात प्रतिक्रांतिकारकांचे दमन तीव्र झाले. १९५१-५२ मध्ये अधिकारी व उद्योजकांविरुद्ध ‘तीन-विरोधी’ आणि ‘पाच-विरोधी’ मोहिमा निघाल्या.

युद्धकैदी : सर्व कैदी परत मिळावेत, असा चीनचा आग्रह होता. आपलेच सैनिक मायदेशी येऊ इच्छित नाहीत, हे मान्य करणे राजवटीच्या प्रतिष्ठेला बाधक होते. मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन यांचे निधन झाल्यानंतर ही भूमिका सौम्य झाली आणि २७ जुलैला युद्धविराम झाला. परत न जाणाऱ्या कैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे आला. त्याचे नेतृत्व महाराष्ट्राचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात यांच्याकडे होते. त्यांतील सुमारे १४,७०० चिनी कैद्यांपैकी बहुसंख्य जानेवारी १९५४ मध्ये तैवानला गेले. मायदेशी परतलेल्यांच्या वाट्यालाही संशय आला; अनेकांचे पक्षसदस्यत्व गेले. त्यांच्या पुनर्वसनाचा निर्णय १९८० मध्ये झाला.

निष्कर्ष : ज्या युद्धाने राजवटीला जगात प्रतिष्ठा व देशात पकड दिली, त्याच युद्धात शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक तिला अडचणीचा वाटला. युद्धाचे मूल्यमापन करताना राजवटीच्या लाभाबरोबर या सैनिकाचाही हिशेब मांडला पाहिजे.